बोअरला 'दोन इंच पाणी' लागलं म्हणजे ताशी किती लिटर? पाच एचपीची मोटार टाकू का?

तुम्ही लिहिलंय की बोअरगाडीवाल्याने दोन इंच पाणी सांगितलं, एक एकर उसाला ठिबक करायचंय आणि दुकानदार पाच एचपीची सबमर्सिबल घ्या म्हणतोय. मोटारीचे पैसे देण्याआधी गाडीवाल्याला एकच विचारा: दोन इंच कशाचे?

गाडीवाल्याचे इंच बहुतेक वेळा व्ही-नॉचचे असतात. म्हणजे पत्र्याला ९० अंशाची खाच पाडून तिच्यातून पाणी सोडायचं आणि खाचेच्या खालच्या टोकापासून पाण्याची उंची मोजायची. उंची सेंटीमीटरमध्ये घेतली, तर सेकंदाला लिटर = ०.०१३८ × उंचीचा २.५ वा घात. या हिशोबाने १ इंचाला ताशी साधारण ५०० लिटर, २ इंचाला २,९००, ३ इंचाला ८,०००, ४ इंचाला १६,०००. इंच दुप्पट झाले की पाणी साडेपाच पटीहून जास्त वाढतं. याउलट, दोन इंची पाइप भरून वाहतोय असं म्हणायचं असेल, तर ते ताशी १०,००० ते १४,००० लिटर होतं. शब्द तोच, पाण्यात साडेतीन ते पाच पटींचा फरक. चुकीची मोटार इथेच गळ्यात पडते.

व्ही-नॉचचं मापही जपून घ्यावं लागतं. खाचेच्या तोंडाशी पाणी खाली ओढलं जातं, म्हणून पट्टी तिथे न धरता उंचीच्या किमान चौपट अंतर मागे धरायची. शून्य मात्र खाचेच्या टोकाच्या लेव्हलला, लेव्हल नळीने लावलेलं. पाणी पत्र्याला चिकटून न उतरता सुटून पडलं पाहिजे. ५ सेंटीमीटरच्या जागी ५.५ वाचलं, तर ताशी २,८०० चे ३,५०० लिटर होतात. बोअर मारताना कॉम्प्रेसरच्या हवेने पाणी उसळत येतं, त्यात अर्धा सेंटीमीटर इकडेतिकडे सहज होतो. म्हणून तो आकडा अंदाज समजा.

खरं माप मोटार सोडूनच कळतं. टेस्टिंगची मोटार भाड्याने मिळते. २०० लिटरचा ड्रम घ्या, पण काठोकाठ भरू नका. त्यात जास्त मावतं. २० लिटरच्या कॅनने दहा वेळा पाणी ओतून रेघ मारा. मोबाइलवर स्टॉपवॉच लावा, तीन वेळा भरा, सरासरी काढा. लिटर × ३,६०० ÷ सेकंद = ताशी लिटर. ४८ सेकंदांत २०० लिटर भरले तर ताशी १५,०००. ड्रम १५ सेकंदांच्या आत भरत असेल तर हाताची चूक मोठी होते, मोठी टाकी घ्या.

ड्रम नसेल तर पाइप आडवा, अगदी लेव्हलमध्ये धरा. तो तोंडापर्यंत पूर्ण भरून वाहायला हवा. पाइपच्या वरच्या कडेपासून धारेची वरची बाजू १० सेंटीमीटर खाली येईपर्यंत ती किती सेंटीमीटर पुढे जाते ते मोजा. त्याला ०.०७ ने गुणलं की वेग मीटर प्रति सेकंद. आतला व्यास ६० मिलिमीटर आणि धार २० सेंटीमीटर पुढे, तर वेग १.४ आणि पाणी (पाइपच्या आतल्या तोंडाचं क्षेत्रफळ × वेग) ताशी साधारण १४,००० लिटर. व्यास पट्टीने आतून मोजा, पाइपवर छापलेला बाहेरचा असतो.

सगळ्यात जास्त फसवणूक होते ती मोटार चालू केल्या केल्या मोजल्याने. सहा इंची बोअरमध्ये दर मीटरला जवळपास १८ लिटर पाणी साठलेलं असतं. ६० मीटर पाण्याचा साठा म्हणजे हजारभर लिटर, आणि ताशी १५,००० लिटरची मोटार तो चार-पाच मिनिटांत उपसते. तोवर मोजलेलं पाणी साठ्याचं, झऱ्याचं नव्हे. डिलिव्हरीचा व्हॉल्व्ह आवळत जा. धार न तुटता आणि अँपिअरचा काटा न हलता तासन् तास जेवढं पाणी येतं, तेच बोअरचं पाणी. मोटार हवा ओढू लागली की काटा थरथरतो आणि खाली येतो. एप्रिल-मेमध्ये हे माप पुन्हा घ्याच, हिवाळ्यातल्या पाण्यावर उसाचं नियोजन करू नका.

आता तुमचा हिशोब. बोअरचं पाणी खरंच ताशी २,९०० असेल, तर आठ तासांच्या विजेत २३,००० लिटर. एकरावर १ मिलिमीटर पाणी म्हणजे ४,०४७ लिटर. दिवसाला ५ मिलिमीटर धरले तर २०,००० लिटर. जेमतेम भागतं. पण दीड मीटर सरी आणि ४० सेंटीमीटरवर ४ लिटरचे ड्रिपर धरले, तर अख्खा एकर एकदम चालवायला ताशी २७,००० लिटर लागतील. बोअरवरून थेट ठिबक चालवायचं तर दहा सेक्शन पाडावे लागतील. त्यापेक्षा बोअरचं पाणी टाकीत किंवा शेततळ्यात साठवून दुसऱ्या छोट्या पंपाने दोन सेक्शनमध्ये द्या, असं माझं स्पष्ट मत आहे.

मग बोअरमध्ये पाच एचपी कशाला? १०० मीटर हेड (पाणी चढवायची एकूण उंची) धरलं तरी एवढं पाणी उचलायला प्रत्यक्ष १ एचपी पुरते. पंपाची कार्यक्षमता ४० टक्के धरली तर तीन एचपीत काम होतं. पाच एचपीची मोटार सारखी हवा ओढेल आणि जळू शकते.

ठिबक बसल्यावर उघड्या पाइपचं माप विसरा, कारण १ किलो दाब म्हणजे १० मीटर जादा हेड, आणि त्यामुळे पाणी कमी येतं. ड्रिपरखाली भांडं ठेवून तीन मिनिटांत २०० मिलिलिटर पडतंय का बघा. पहिल्या आणि शेवटच्या लॅटरलला (ड्रिपरच्या नळीला), दोन्हीकडे.