मंडळीतील भेदभावाविषयी बोलावे कसे?

प्रश्न : आमच्या मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, जालना-अहिल्यानगरकडची जुनी मराठी घराणी, तमिळ कुटुंबे आणि नोकरीसाठी नवी मुंबईत आलेले ईशान्य भारतातील तरुण आहेत. उपासना भाषेनुसार वेगवेगळ्या वेळी होतात. या तरुणांना चेहऱ्यावरून नावे ठेवली जातात, तर सोयरीक जमवताना पूर्वजांची जात विचारली जाते. तरुण संघाने यावर चर्चा ठेवायचे म्हटले, तेव्हा वडीलधारे म्हणाले, “ख्रिस्तात भेद नाही, वंशभेद हा अमेरिकेचा प्रश्न आहे.” आम्ही काय करावे? (एक वाचक, ऐरोली)

उत्तर : ख्रिस्तात भेद नाही हे खरेच आहे, पण मंडळीत भेद शिरला होता, म्हणूनच प्रेषित पौलाला ते गलतीकरांना, म्हणजे गलतियातील मंडळ्यांना, पत्रात लिहावे लागले. त्याच पत्रात अंत्युखियाचा प्रसंग आहे. परराष्ट्रीयांच्या, म्हणजे यहुदी नसलेल्या विश्वासणाऱ्यांच्या, पंगतीत जेवणारा प्रेषित पेत्र, यरुशलेमच्या मंडळीचा पुढारी याकोब याच्याकडची यहुदी माणसे येताच, त्यांच्या भीतीने बाजूला झाला आणि पौलाने त्याला सर्वांसमक्ष जाब विचारला. विषय काढल्याने एकी मोडेल, अशी धास्ती पौलाने बाळगली नाही.

हा प्रश्न केवळ अमेरिकेचाही नाही. दक्षिण आफ्रिकेतील डच रिफॉर्म्ड चर्चने १८२९ मध्ये प्रभुभोजन (ख्रिस्ताच्या स्मरणार्थ भाकर व द्राक्षारस घेण्याचा विधी) सर्वांना भेद न करता द्यावे, असे ठरवले होते. त्याच चर्चच्या सिनडने (धर्मसभेने) १८५७ मध्ये एकत्र उपासना हीच इष्ट असल्याचे मान्य करूनही, काही जणांच्या दुर्बलतेस्तव वेगळ्या उपासनेला मुभा दिली. ती तात्पुरती सवलत वाटली असेल. परंतु १८८१ मध्ये मिश्रवंशीय ख्रिस्ती लोकांचे चर्चच वेगळे झाले आणि पुढे या विभागणीला शास्त्राधार देऊन वर्णभेदाचे समर्थन करण्यात आले. वेगळ्या काढलेल्या त्याच चर्चने १९८२ मध्ये बेल्हार येथे विश्वासाचा जाहीरनामा मांडून १९८६ मध्ये तो स्वीकारला. एकी ही ख्रिस्ताची देणगी आहे तशीच ती मंडळीवरची जबाबदारीही आहे, असे त्यात ठामपणे म्हटले आहे.

मातृभाषेत प्रार्थना करण्याची ओढ स्वाभाविक आहे, त्यामुळे वेगवेगळ्या उपासनांमध्ये मला दोष दिसत नाही. मात्र प्रभुभोजनाला सर्व जण कधी एकत्र येतात का, कमिटीवर कोणाची माणसे असतात, पैशाचे निर्णय कोण घेते, हे जरूर तपासावे. जातीबाबत तर आपल्याकडे संकोचाला कारणच उरलेले नाही, कारण भारतातील कॅथलिक बिशपांच्या परिषदेने डिसेंबर २०१६ मध्ये दलित सक्षमीकरणाचे धोरण जाहीर करताना चर्चमधील जातिभेद उघडपणे मान्य केला आहे.

चर्चेआधी पाळकांना विश्वासात घ्या. ज्यांना सोसावे लागले त्यांची इच्छा असेल तरच त्यांना बोलू द्या, आणि त्यांनी सांगितल्यावर लगेच गळाभेट किंवा क्षमेचा आग्रह धरू नका. मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या पाचव्या अध्यायात वेदीवरचे अर्पण तसेच ठेवून आधी भावाशी समेट करायला जाण्याची आज्ञा आहे, ती ज्याच्याविरुद्ध भावाच्या मनात काही आहे त्याला. म्हणून समेटाचे पहिले पाऊल मराठी घराण्यांनी टाकावे, असे मला मनापासून वाटते. पहिल्याच बैठकीत दोन निर्णय घेता येतील : कमिटीत ईशान्येकडील तरुणांना मतासह जागा देणे आणि सर्व भाषिकांचे संयुक्त प्रभुभोजन नियमित ठेवणे. सोयरिकीतल्या जातीचा विषय अधिक खोल आहे. त्यासाठी पाळकांनी विवाहपूर्व मार्गदर्शनातच आईवडिलांशीही स्पष्ट बोलावे.