काळा-पिवळा झेंडा कोणाचा?

प्रश्न : परदेशात शिकणाऱ्या भाच्याने पाठवलेल्या छायाचित्रात तिरक्या रेषेने विभागलेला काळा-पिवळा झेंडा दिसतो. तो मुक्त बाजारवादी अराज्यवाद्यांचा, म्हणजे राज्यसंस्थाच नको पण बाजार हवा असे मानणाऱ्यांचा आहे, असे भाचा सांगतो. त्याचा मित्र मात्र ही मंडळी खरी अराज्यवादी नव्हेतच, असे म्हणतो. काय मानावे?
– एक वाचक, सांगली

उत्तर : झेंड्यातला काळा रंग वादाचा नाही. 1883 मध्ये पॅरिसमधील बेरोजगारांच्या मोर्च्यात फ्रेंच अराज्यवादी लुईझ मिशेल यांनी काळा झेंडा फडकवला आणि तेव्हापासून तो अराज्यवादाची खूण ठरत गेला. वाद आहे तो त्याच्या जोडीच्या रंगाचा. स्पेनमधील कामगार संघटनांनी काळ्याला लाल जोडला. भांडवलशाहीचे समर्थक असलेल्या अमेरिकी अराज्यवाद्यांनी पिवळा जोडला. हा पिवळा म्हणजे सोने, सरकारी शिक्क्यावाचून चालणारे चलन.

भाच्याच्या मित्राचे म्हणणे मला बरेचसे पटते, पण बाजार आला की अराज्यवाद संपला, असे त्याला म्हणायचे असेल, तर ते इतिहासाला धरून नाही. अमेरिकी अराज्यवादी जोसाया वॉरन यांनी 1827 मध्ये तिथल्या सिनसिनाटी शहरात एक दुकान काढले होते. तेथे माल जवळजवळ खरेदीच्या भावातच मिळे. दुकानदाराचा जेवढा वेळ गेला तेवढा भिंतीवरच्या घड्याळात पाहून मोजला जाई आणि त्याच्या बदल्यात गिऱ्हाईक आपल्या तेवढ्याच श्रमाची चिठ्ठी लिहून देई. हा बाजारच होता, फक्त त्यात नफा नव्हता. याच परंपरेतले बेंजामिन टकर 1881 ते 1908 या काळात ‘लिबर्टी’ हे नियतकालिक चालवत होते. खुल्या स्पर्धेचा आग्रह धरूनही ते स्वतःला समाजवादी म्हणवीत, कारण चलन, जमीन, जकात आणि पेटंट या चार मक्तेदाऱ्या राज्यसंस्थेने पोसल्यामुळेच व्याज, खंड आणि नफा टिकून राहतात, असे त्यांचे प्रतिपादन होते.

पुढे काळ्या-पिवळ्या गटाचे प्रमुख विचारवंत, अमेरिकी अर्थतज्ज्ञ मरे रॉथबर्ड यांनी टकर यांच्याकडून राज्यविरोध आणि बाजार घेतला, पण व्याज व खंड यांना असलेला विरोध वगळला. विशेष म्हणजे, आपल्याला अराज्यवादी म्हणणे इतिहासाला सोडून होईल, असे 1950 च्या दशकातील एका लेखात त्यांनीच लिहिले होते. ते नाव त्यांनी नंतर स्वीकारले. त्यामुळे ‘अराज्य’ या शब्दाचा केवळ राज्याचा अभाव एवढाच अर्थ घेतला तर पिवळ्या झेंड्याचा दावा टिकतो, परंतु मालक-मजूर या नात्यालाही विरोध करणारी चळवळ असा अर्थ घेतला, आणि चळवळीच्या इतिहासात तोच आहे, तर तो टिकत नाही.

भाच्याने झेंडेवाल्याला एवढेच विचारावे : मालक दूर राहतो आणि भाडेकरू वर्षानुवर्षे घरात राहतो, तर घर कोणाचे? टकर यांच्या मते राहणाऱ्याचे. रॉथबर्ड यांच्या मते मालकाचे.