लंडनच्या एलएलएमसाठी राहते घर तारण ठेवावे का?

प्रश्न : मी 27 वर्षांची आहे. पुण्यातून पाच वर्षांचा बीए एलएलबी पूर्ण करून सनद घेतली, दोन वर्षे एका ज्येष्ठ वकिलांच्या हाताखाली काम केले आणि आता एका कंपनीच्या विधी विभागात दरमहा 70 हजार रुपयांवर नोकरी करते. लंडनमध्ये एक वर्षाचे एलएलएम (कायद्यातील पदव्युत्तर पदवी) करून तिथेच वकिली करण्याची इच्छा आहे. त्यासाठी 50 लाखांचे कर्ज काढून नाशिकचे राहते घर तारण द्यावे लागेल. बाबा दोन वर्षांनी निवृत्त होतील. माझी शिल्लक आठ लाख आहे. कर्ज घ्यावे का?

उत्तर : सध्याच्या परिस्थितीत आपण हे कर्ज घेऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे, मात्र इंग्लंडमध्ये वकिली करण्याचा बेत सोडावा, असे मी मुळीच म्हणत नाही. इंग्लंड आणि वेल्समध्ये सॉलिसिटर, म्हणजे तिथला सनदी वकील, होण्यासाठी एलएलएमची अटच नाही. अट आहे ती 2021 मध्ये सुरू झालेल्या एसक्यूई (सॉलिसिटर्स क्वालिफाइंग एक्झामिनेशन) या पात्रता परीक्षेची, आणि ती आपण हाती असलेल्या पदवीवर देऊ शकता. ज्या पदवीसाठी घर तारण ठेवायचे, ती मिळाल्यावरही ही परीक्षा आणि तिचा खर्च बाकीच राहणार आहे.

आधी हप्त्याचा हिशोब पाहू. व्याजदर साडेदहा टक्के आणि हप्ते दीड वर्षाने सुरू होणार असे धरले, तर तोवर व्याज चढून 50 लाखांचे सुमारे 58 लाख होतात आणि दहा वर्षांत फेडायचे म्हटले तर महिन्याचा हप्ता साधारण 78 हजारांवर जातो. म्हणजे नोकरी न मिळता परत यावे लागले, तर आपला आजचा संपूर्ण पगारही एका हप्त्याला पुरणार नाही आणि बाबांच्या निवृत्तीच्या पैशांना हात लावावा लागेल. तिकडे वर्षाला 35,000 पौंडांची नोकरी मिळाली, तरी कर आणि नॅशनल इन्शुरन्स (तिथली सक्तीची सामाजिक विमा वर्गणी) वजा जाता महिन्याला हातात सुमारे 2,400 पौंड येतील. पौंड 120 रुपयांना धरला तर त्यातले 650 हप्त्यातच जातील आणि उरलेल्यात लंडनचे घरभाडे भागवावे लागेल. शैक्षणिक कर्जाच्या व्याजावरील करसवलत बँकेचे प्रतिनिधी आवर्जून सांगतात, पण भारतात करपात्र उत्पन्नच नसेल तर तिचा आपल्याला काही उपयोग नाही.

व्हिसाची मुदतही आता आखडली आहे. पदवीनंतर काम करण्यासाठी मिळणारा ग्रॅज्युएट व्हिसा 1 जानेवारी 2027 पासूनच्या अर्जांना दोन वर्षांऐवजी दीड वर्षाचाच मिळणार आहे. पुढे स्किल्ड वर्कर व्हिसासाठी प्रायोजक मालक हवा आणि पगाराची सर्वसाधारण किमान मर्यादा जुलै 2025 पासून 41,700 पौंड आहे. नवख्यांना तीत काही सवलत मिळते. मोठ्या फर्म प्रशिक्षणाच्या जागा बहुधा दोन वर्षे आधीच भरतात, त्यामुळे सप्टेंबरात लंडनला उतरून शोध सुरू करणाऱ्याच्या हाती फार वेळ उरत नाही.

म्हणून मी क्रम उलटा ठेवीन. एसक्यूईच्या दोन्ही टप्प्यांचे शुल्क मिळून जवळपास 4,900 पौंड, म्हणजे सुमारे सहा लाख रुपये होते आणि ते एकदम भरावे लागत नाही. पहिला टप्पा 360 बहुपर्यायी प्रश्नांचा असून तो भारतातील केंद्रावर देता येतो. त्याचे शुल्क सुमारे 1,900 पौंड आहे आणि ते आपल्या शिल्लकीतून सहज निघेल. दुसऱ्या टप्प्याच्या तोंडी भागासाठी मात्र इंग्लंड किंवा वेल्सला जावेच लागते, त्यामुळे प्रवास आणि शिकवणीचा खर्च वेगळा धरा. परीक्षा सोपी नाही. पहिल्या टप्प्यात साधारण निम्मेच परीक्षार्थी उत्तीर्ण होतात, काही वेळा त्याहूनही कमी. पण नोकरी सांभाळून केलेला प्रयत्न फसला, तर अडीच-तीन लाखांचे नुकसान होईल, घराला धक्का लागणार नाही.

इथे सनदीचा मुद्दा नीट तपासा. सॉलिसिटर होण्यासाठी परीक्षेबरोबर दोन वर्षांच्या कार्यानुभवाचीही अट आहे. परदेशात आधीच वकील म्हणून पात्र असलेल्यांना ती नसते; पण भारताच्या बार कौन्सिलच्या नियमानुसार पूर्णवेळ पगारी नोकरी करताना सनद स्थगित ठेवावी लागते. आपल्या सनदीची आजची स्थिती काय आहे आणि ती तिकडच्या नियामक संस्थेला चालेल का, हे शुल्क भरण्याआधी लेखी विचारून घ्या. सूट मिळाली नाही, तरी हा अनुभव भारतातल्या कामातूनही दाखवता येतो. फक्त तो इंग्लंड-वेल्सच्या सॉलिसिटरने प्रमाणित करावा लागतो.

पूर्ण शिष्यवृत्ती मिळाली, तर एलएलएम जरूर करावे. चेव्हनिंग या ब्रिटिश सरकारच्या शिष्यवृत्तीत शिक्षण आणि राहण्याचा खर्च मिळतो, परंतु नंतर दोन वर्षे मायदेशी परतण्याची अट असते आणि ती आपल्या बेताच्या आड येते. मुंबईच्या जे. एन. टाटा एन्डोमेंटच्या कर्ज-शिष्यवृत्तीचीही चौकशी करा. एसक्यूईचे दोन्ही टप्पे पार पडले आणि प्रायोजकत्व देणाऱ्या फर्मचे लेखी नियुक्तिपत्र हाती आले, तर स्थलांतराच्या खर्चासाठी पाच-सात लाखांचे विनातारण कर्ज घ्यायला माझी हरकत राहणार नाही.