नाशिकचे दगड ओळखायला सुरुवात करताना

आधी नावं पाठ करू नका. नाशिकच्या आसपास पायाखाली बहुतेक बेसाल्टच आहे, सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याचा. तो एक नीट ओळखता आला की निम्मं काम झालं. पांडवलेणी त्यातच कोरली आहेत. तिथे फक्त पाहा, हातोडी घरीच ठेवा.

बेसाल्टमधल्या पोकळ्यांतला प्रत्येक पांढरा खडा नवख्यांना गारगोटीच वाटतो. म्हणून:

- चाकूच्या टोकाने ओरखडा काढा. कॅल्साइटवर (चुनखडीतलं मऊ खनिज) सहज उमटतो, गारगोटीवर नाही.
- निघालेल्या भुकटीवर व्हिनेगर टाका. कॅल्साइट असेल तर बुडबुडे येतात.

झिओलाइटचे (याच पोकळ्यांत सापडणारा आणखी एक खनिजगट) प्रकार नंतर बघू.

नमुना उचलताच जागा आणि तारीख लिहा. ठिकाण माहीत नसलेल्या दगडाचा अभ्यासाला फारसा उपयोग नाही. दहापटीचं भिंग तेवढं घ्या. आणि दगड दाखवायला बिनधास्त या!