मेलबर्नला मन रमेल का, असं विचारलंत म्हणून

भाऊ, मुलगा मेलबर्नला कायमचं बोलावतोय, बासष्टाव्या वर्षी तिथं मन रमेल का, असं तुम्ही विचारलंत आणि माझी झोप गेली बघा. मीही आपल्या बेळगावच्या टिळकवाडीतून इथं आले तेव्हा एकसष्टची होते.

व्हिसाचं सांगत नाही, ते सरकारी पानावर आहे. कागदांवरची नावं मात्र आत्ताच जुळवून घ्या. १ नोव्हेंबर २०१४ पासून आपल्या गावाचं नाव सरकारदरबारी 'बेळगावी' झालं. माझ्या पासपोर्टावर जुनं, दाखल्यावर नवं. त्यात घराचा उतारा कन्नडमध्ये. भाषांतर करणाऱ्यानं आडनावात एक अक्षर जादा घातलं आणि ती बाई मीच, हे पटवण्यात चार महिने गेले.

दुसरं सांगते, ते अजून सलतंय. नातू पाच वर्षांचा असताना शाळेतल्या बाईंनी माझ्या मुलाला सांगितलं, घरीही इंग्रजीच बोला, नाहीतर पोर मागं पडेल. मुलानं ऐकलं. बेळगाव कर्नाटकात घातल्याच्या निषेधाचा आपला काळा दिन, दर एक नोव्हेंबरला त्या फेरीत मराठीसाठी चालणारी मी, स्वतःच्या घरात गप्प बसले. आज तो पंधराचा आहे. माझं सगळं कळतं त्याला, उत्तर इंग्रजीत देतो. तुम्ही गप्प बसू नका.

एकटेपणा असतो. सकाळी साडेआठला घर रिकामं होतं ते सहापर्यंत. त्याची सवय होते.

पहिली दोन वर्षं मी मुलाच्या गाडीतूनच फिरले, तोवर हे शहर परकंच राहिलं. मग ट्रामनं एकटी जायला लागले. शहराच्या मध्यभागात तिकीटही लागत नाही. एकदा चुकले, विचारत विचारत घरी आले, त्या दिवसापासून रस्ते ओळखीचे झाले.

आणि शेजारच्या ग्रीक आजी. त्यांना माझी भाषा येत नव्हती, मला त्यांची. कुंपणावरून पिशवीभर लिंबं द्यायच्या. जाड सालीची, आपल्या कागदी लिंबांसारखी नव्हेत. इथं ऑगस्टात थंडी, ऊन कसलं! लोणच्याची बरणी दीड महिना खिडकीत ठेवली तेव्हा कुठं साल मऊ झाली. आजींनी रिकामी बरणी ऑलिव्ह भरून परत दिली. सात वर्षं ती बरणी अशीच ये-जा करत होती.

टिळकवाडीचं घर विकू नका. मी विकलं. सह्या केल्या, सगळ्यांना कुंदा वाटला, डोळ्यांत टिपूस नाही.

दोन वर्षांपूर्वी आजी गेल्या. नव्या मालकानं एका सकाळीत ते लिंबाचं झाड मशीननं कापलं. मी कुंपण धरून इतकी रडले की सुनेला वाटलं, बेळगावहून कुणाचा तरी वाईट फोन आला.