पंचवीस मेंटी मिळालेत, पण कोणी काही बोलतच नाही. काय करू?

तुम्ही लिहिलंय की जूनमध्ये रुजू झालात, प्रथम वर्षाची पंचवीस मुलं मेंटी म्हणून, म्हणजे मार्गदर्शनासाठी, वाट्याला आली, दोन बैठका झाल्या आणि "काही अडचण?" विचारलं की सगळी "नाही मॅडम" म्हणून गप्प बसतात. निम्मी पाड्यांवरून आलेली, एका मुलाला कमी दिसतं, आणि गावातली चार-पाच मुलं तेवढी सारखी तुमच्याभोवती.

मी नाशिक जिल्ह्यात तालुक्याच्या गावी २२ वर्षं रसायनशास्त्र शिकवतेय. माझी मुलं सुरगाणा, पेठ, कळवणकडची, बरीचशी कोकणा, वारली, महादेव कोळी घरांतली. तुमचं वर्णन वाचून माझी पहिली काही वर्षं आठवली.

"अडचण असेल तर सांगा" हे विचारणं आधी सोडून द्या. ज्याच्या घरात कोणी कॉलेजची पायरी चढलेलं नाही त्याला, समोर आलंय ती अडचण आहे की कॉलेजात असंच असतं, हेच कळत नाही. मग तो सांगणार काय?

माझ्या मेंटर-वहीत एका मुलीने ‘अडचणी’च्या रकान्यात सुवाच्य अक्षरात ‘नाही’ लिहिलं होतं. दिवाळीनंतर ती यायची बंद झाली. हजेरी ७५ टक्क्यांच्या खाली गेली म्हणून मी घरी पत्र धाडायला निघाले होते. पत्राआधी मैत्रिणीकरवी निरोप दिला आणि ती आली. हाताची बोटं औषधाने पिवळट झालेली. शिष्यवृत्ती आली नाही, खोलीचं भाडं थकलं, म्हणून ती दिंडोरीकडे द्राक्षाच्या बागेत डिपिंगला, म्हणजे घड औषधात बुडवायच्या कामाला, जात होती. आम्ही दोघी ऑफिसातल्या कॉम्प्युटरवर बसलो. महाडीबीटीवर, म्हणजे शिष्यवृत्तीच्या सरकारी पोर्टलवर, तिचे पैसे जमा झालेले दिसत होते. शाळेत असताना गावच्या बँकेत उघडलेलं एक खातं होतं, आधार त्याला जोडलेलं, आणि पैसे तिथे जाऊन पडले होते. ती बिचारी कॉलेजजवळच्या बँकेतल्या नव्या खात्याचं पासबुक घेऊन दर आठवड्याला खेपा मारत होती. पंधरा मिनिटांत उलगडलं ते, पण तोवर तिचे दोन महिने गेले होते. मी विचारलं, "अगं, मला का नाही सांगितलंस?" म्हणाली, "मॅडम, सरकारी पैसे उशिराच येतात ना."

ती खोटं बोललीच नव्हती. त्या दिवसापासून मी विचारायची थांबले आणि सांगायला लागले. पहिल्याच महिन्यात, पंचवीसच्या पंचवीस जणांना, सगळ्यांसमोर. आधार कोणत्या खात्याला जोडलंय ते आज बँकेत जाऊन बघा. उत्पन्नाचा दाखला कधीपर्यंत चालतो, जात पडताळणीचा कागद कुठे अडकतो, अंतर्गत गुण कशाचे मिळतात. एटीकेटी लागली, म्हणजे काही विषय राहिले तरी पुढच्या वर्गात जाता आलं, तर कॉलेज सुटलं असं नसतं. हे तर तीनदा सांगा, कारण पहिल्या निकालानंतर गुपचूप बॅग भरून गावी गेलेली मुलं मी पाहिली आहेत. स्टाफरूमच्या दारात ताटकळायचं नाही, "येऊ का?" म्हणून सरळ आत यायचं, हेसुद्धा सांगा. शिक्षकाच्या घरातल्या मुलाला हे जेवता जेवता कळलेलं असतं. बाकीच्यांना आपण सांगायचं. सगळ्यांना एकदम सांगितलं की कोणाला ‘मला माहीत नाही’ म्हणून हात वर करावा लागत नाही.

याच कारणाने एक गोष्ट कधीही करू नका. वर्गात शिपाई नोटीस घेऊन येतो आणि आपण वाचतो, "एससी, एसटीच्या मुलांनी ऑफिसात जा." पंधरा-वीस मुलं मान खाली घालून उठतात, बाकीची बघत राहतात. मीही हे कित्येक वर्षं केलं, आणि त्याचा मला आजही त्रास होतो. खुल्या प्रवर्गातल्या कमी उत्पन्नाच्या मुलांसाठीही राजर्षी शाहू महाराजांच्या नावाची शुल्क शिष्यवृत्ती आहे, ओबीसींसाठी वेगळ्या योजना आहेत. "शिष्यवृत्तीचा अर्ज भरलेल्या सगळ्यांनी" एवढं म्हटलं तरी काम होतं.

भोवती जमणाऱ्या चार-पाच मुलांबद्दल. ती गुणी असतील, त्यांना दूर लोटायचं नाही. पण एक यादी काढा: सेमिनारला कोणाला उभं केलं, ‘आविष्कार’ संशोधन स्पर्धेसाठी कोणाचं नाव दिलं, शिफारसपत्र कोणाला लिहिलं. मी तीन वर्षांची काढली तेव्हा एक नाव सोडलं तर सगळी गावातली, माझ्या टेबलापाशी येऊन बोलणारी मुलं निघाली. मी कोणाला डावललं नव्हतं. फक्त जो समोर दिसला त्याला देत गेले. आता यादी समोर ठेवून, ज्याचं नाव आलेलं नाही त्याच्या बाकापाशी मी जाते.

इथे मला बाबासाहेब आंबेडकरांना लहानपणी मदत करणारे शिक्षक केळुसकर गुरुजी आठवतात. मुंबईत चर्नी रोडच्या बागेत शाळकरी भीमराव वाचत बसायचा. गुरुजींनी आपणहून त्याची चौकशी केली, त्याला पुस्तकं दिली. १९०७ साली तो मॅट्रिक झाला आणि पुढे पैशांपायी शिक्षण अडणार असं दिसलं, तेव्हा गुरुजींनी बडोद्याचे महाराज सयाजीराव गायकवाडांकडे शब्द टाकला. दरमहा २५ रुपयांची शिष्यवृत्ती मिळाली, आणि एल्फिन्स्टन कॉलेजातून १९१२ मध्ये बी.ए. झालं. बाबासाहेबांची बुद्धी त्यांची स्वतःची. पण महाराजांपर्यंत पोचायची वाट त्या मुलाला कुठून ठाऊक असणार? ती गुरुजींना ठाऊक होती आणि त्यांनी ती वापरली. तुमच्याही ओळखी असतील, विद्यापीठात, लॅबमध्ये, एखाद्या कंपनीत. त्या या मुलांसाठी खर्च करा.

कमी दिसणाऱ्या मुलाशी एकट्याशी बोला, आणि याच आठवड्यात. २०१६ चा दिव्यांग हक्क कायदा आहे. ४० टक्के किंवा अधिक अपंगत्वाचं प्रमाणपत्र असेल तर नियमाप्रमाणे लेखनिक आणि परीक्षेत ताशी किमान २० मिनिटं जादा वेळ मिळतो. पण अर्ज, लेखनिक शोधणं, सही-शिक्के यांत दिवस जातात आणि हॉलतिकिटाच्या वेळी धावाधाव होते. त्याला काय लागेल ते मात्र तुम्ही ठरवू नका. माझ्याकडच्या एकाला मी प्रॅक्टिकलला जोडीदार देऊन टाकला होता, म्हणजे जोडीदार करणार आणि हा लिहून घेणार. दोन आठवड्यांनी तो म्हणाला, "मॅडम, मी स्वतः करू का?" ब्युरेटसमोर, म्हणजे द्रव मोजायच्या खुणांच्या काचनळीसमोर, मोबाईल धरून, कॅमेऱ्यात मोठं करून त्याने रीडिंग घेतलं. ०.१ मिलिलिटरचाही फरक नव्हता.

भाषेचंही बघा. बैठकीत मराठीतच बोला, आणि मुलं आपापसांत कोकणा बोलली तर बोलू द्या. मी तासाच्या शेवटी बिननावाच्या चिठ्ठ्या घेते, ‘आज अडलेला एक शब्द’. एकदा सात चिठ्ठ्यांवर ‘प्रेसिपिटेट’ होतं. दहावीत शिकलेला अवक्षेप तोच, असं फळ्यावर लिहिलं तेव्हा मागच्या बाकावरून "अरे हा!" असा आवाज आला.

कोणी फार खचलेलं वाटलं तर एकटीने ओझं घेऊ नका. टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या सरकारी हेल्पलाइनचा १४४१६ हा मोफत नंबर आहे, मराठीत बोलता येतं. फोन तुमच्याच शेजारी बसून लावायला सांगा.

पुढची बैठक वर्गात घेऊ नका. दोघा-दोघांना चहाला न्या, दहा मिनिटं पुरतात. "रूमवर कोण कोण असता? डबा की हाताने करता? शनिवारी गावी जाता का, शेवटची गाडी किती वाजता?" एवढंच विचारा, वही पिशवीतच राहू द्या. शेवटच्या गाडीच्या वेळेवरूनच मला कळलं होतं की माझ्या चार मुली दुपारच्या प्रॅक्टिकलला का नसतात. आम्ही त्यांची बॅच सकाळची केली.