नानकटाईचे पीठ भुसभुशीत का होते?

प्रश्न : नानकटाईसाठी मी दोन वाट्या मैदा, अर्धी वाटी बेसन, पाव वाटी बारीक रवा, एक वाटी पिठीसाखर आणि एक वाटी साजूक तूप असे प्रमाण घेतले होते. पीठ इतके कोरडे झाले की गोळे वळताच फुटू लागले. शेवटी पाव वाटी दूध घालून मळले, तेव्हा गोळे छान वळले. परंतु भाजल्यावर नानकटाई दाताने फुटेना. चूक कोठे झाली असावी?
– एक वाचक, सोलापूर

उत्तर : आपले प्रमाण योग्य आहे, म्हणून शंका येते ती मापाची. मैदा डब्यातच वाटी खुपसून भरला तर तो दाबला जातो. 240 मिलिलिटरच्या कपात चमच्याने हलका भरलेला मैदा साधारण 120 ते 125 ग्रॅम बसतो, तर खुपसून भरलेला 140 ग्रॅमच्याही पुढे जातो. याउलट, थंडीत थिजलेले तूप चमच्याने वाटीत टाकताना मध्ये पोकळ्या राहतात आणि वाटी भरलेली दिसली तरी तूप कमीच पडते. दोन्ही गोष्टी एकाच वेळी घडल्या की पीठ कोरडे होणारच. वजनकाटा असल्यास हा प्रश्न उद्भवतच नाही. नसल्यास मैदा आधी चाळून मगच मापावा आणि तूप वाटीत दाबून भरावे.

मात्र पीठ खरोखरच बिघडले आहे का, हे आधी पाहावे. नानकटाईचे पीठ पोळीच्या कणकेसारखे लवचिक नसते, ते परातीत मोकळेच दिसते. मूठभर पीठ घेऊन मुटका वळावा. तो टिकला आणि अंगठ्याने हलके दाबल्यावर कडेला केसाएवढ्याच भेगा पडल्या, तर काहीही घालू नये. मुटका मूठ उघडताच ढासळला तर तूप कमी आहे असे समजून, पातळ केलेले पण गरम नसलेले तूप एका वेळी एकच चहाचा चमचा घालावे, बोटांच्या टोकांनी पिठाला चोळावे आणि पुन्हा मुटका वळून पाहावा. सहसा दोन-तीन चमच्यांत काम होते. घाईने अधिक तूप घातल्यास नानकटाई भट्टीत पसरून चपटी होते, आणि तो दोष निस्तरणे अधिक कठीण असते.

दुधाने घोटाळा झाला तो असा. साजूक तुपात पाण्याचा अंश जवळजवळ नसतो, त्यामुळे नानकटाईच्या पिठात मैद्यातील प्रथिनांना चिकटपणा धरण्यास वावच मिळत नाही आणि म्हणून ती खुसखुशीत होते. पाव वाटी दूध घालून आपण मळलेत, तेव्हा ग्लुटेन, म्हणजे याच प्रथिनांचे चिवट जाळे, तयार झाले आणि नानकटाई कडक झाली. दूध पडलेच असेल तर ते पीठ पुढे मळत बसू नये. पातळ लाटून, काट्याने टोचे मारून बिस्किटे करावीत. ती कडक असली तरी चहाबरोबर चांगली लागतात.

तूप आणि पिठीसाखर परातीत तळहाताने पांढरेशुभ्र, हलके होईपर्यंत फेसली तर पीठ मिळून यायला पुष्कळ मदत होते. हा टप्पा लोक सर्रास उरकून टाकतात. भाजताना वर पडणारे तडे मात्र दोष नव्हेत. तडे नसलेली नानकटाई मला तरी नानकटाई वाटत नाही.

प्रश्न : अंडे वगळून आणि लोण्याऐवजी तूप घेऊन चॉकलेट चिप कुकी केल्या. पीठ वाळूसारखे सुटे झाले. येथेही दूध घालू नये काय?
– एक वाचक, नाशिक

उत्तर : येथे अवश्य घालावे. या कुकीच्या कृतीत ओलावा गृहीत धरलेला असतो आणि आपण तो दोन्ही बाजूंनी काढून घेतलात. एका मध्यम अंड्यात साधारण 35 मिलिलिटर पाणी असते. बाजारच्या लोण्यात सुमारे 80 टक्के स्निग्धांश आणि 16 टक्क्यांपर्यंत पाणी असते. तेव्हा 100 ग्रॅम लोण्याच्या जागी 80 ग्रॅम तूप आणि एक मोठा चमचा दूध घ्यावे, तर एका अंड्यासाठी सुमारे तीन मोठे चमचे दूध किंवा घोटलेले दही घालावे. सुटे झालेले पीठही याच रीतीने सावरता येते, पण दूध थोडे थोडे शिंपडून, न मळता, नुसते गोळा करून. मैद्याऐवजी कणीक वापरली असेल तर तिच्यातील कोंडा अधिक ओलावा शोषतो, म्हणून पीठ 20 मिनिटे झाकून ठेवल्यावरच आणखी दूध लागते का ते ठरवावे. फ्रिजमधून काढताक्षणी तडकणारे पीठ मात्र कोरडे नसते, त्यातील तूप थिजलेले असते. ते अर्धा तास बाहेर ठेवले की पुरे.